मरताना इथेल काय बोलला

वेल्समधल्या तैवी नदीकाठच्या आमच्या लोकरीच्या गिरणीत मागांचा एवढा खडखडाट असतो, की सगळं बोलणं ओठांवरूनच वाचायचं. आवाज वाया घालवत नाही कुणी.

सोमवारी शेजारच्या मागावरून हॅना ओठांनीच म्हणाली, “टेगवेन, तुझा भाऊ मेला.”

मी माग थांबवला.

“अगं, पडद्यावर! सभागृहात मूकपट लागलाय. मधल्या पाट्या इंग्रजीत, पण मरताना इथेल ओठांनी चक्क आपलं वेल्श बोलतो.”

“काय बोलतो?”

“जाऊन बघ.”

गावभरच्या भानगडी सांगत फिरणारी ही बया, आणि नेमकी इथेच तोंड मिटून बसली!

इथेल आमच्याच गिरणीत मागावर होता. बारा वर्षांपूर्वी नाटक कंपनीबरोबर पळाला. बाबा चॅपेलमधलं, आमच्या कर्मठ प्रार्थनाघरातलं, मोठं प्रस्थ. “नाटक्याला या घरात जागा नाही,” म्हणाले, आणि त्याचं नाव टाकलं. तो ऑस्ट्रेलियात राजा झाला, लंडनला दरोडेखोर झाला, हे आम्हाला लोकांकडून कळायचं.

रात्री रश्शात पाव बुडवत मी मुद्दाम विषय काढला. मागांनी बाबांचे कान केव्हाच गेले होते, ते माझे ओठ बघत होते.

“त्याचं नाव काढू नकोस,” ते म्हणाले. मग चमचा खाली ठेवून, “काय बोलतो?”

“मला काय माहीत!”

दुसऱ्या संध्याकाळी मी सभागृहात गेले, तर दाराजवळच्या बाकावर बाबा! चॅपेलचा काळा कोट, टोपी नाकापर्यंत ओढलेली.

पडद्यावर इथेल दुष्ट सरदार झाला होता. चांगला गरगरीत. मेला कुठला! आणि आम्ही इथे तो उपाशी असेल म्हणून झुरतोय! शेवटी त्याच्या पोटात तलवार घुसली, पडदाभर त्याचा चेहरा आला. पाटी होती, ‘मी कुणाचीही क्षमा मागणार नाही!’ पण ओठ मात्र सावकाश, स्पष्ट, मागावरून बोलल्यासारखे हलले.

“बाबा, मी घरी येऊ का?”

गिरणीतल्या झाडून सगळ्या बायका वळून दाराकडे बघायला लागल्या. लाज नावालाही नाही आम्हाला.

बाबा उठले. गेले, असंच मला वाटलं. पण ते मूकपट दाखवणाऱ्या यंत्रवाल्यापाशी थांबले.

“ते मरणं पुन्हा दाखव.”

“आजोबा, असं नाही करता येत.”

“दाखव रे!” बायका ओरडल्या.

त्याने कुरकुरत फीत मागे घेतली. इथेल पुन्हा पडला, त्याने पुन्हा विचारलं. बाबांनी टोपी काढली. तोंड मोठं उघडून, गिरणीच्या दुसऱ्या टोकाला पोचावं तसं, आवाज न करता ते म्हणाले, “ये.”

मला रडू आवरेना.

बाहेर आल्यावर बाबा गोंधळले. “पण त्याला कळवायचं कसं? पत्ता कुणाकडे आहे?”

हॅना पुढे आली, कानापर्यंत लाल झालेली. “माझ्याकडे आहे. पहिल्यापासून पत्रं येतात त्याची.”

बाबांनी तिच्याकडे टक लावून पाहिलं, आणि टोपी घातली.

“चल घरी,” ते म्हणाले. “हल्ली काय काय खातो तो, ते सांग.”