एकसष्टावी प्रत

सदर बाजारातल्या एका बाइंडिंगच्या तळघरात सुभद्राबाईचा हात एकवीस वर्षं चालत होता, आणि एकवीस वर्षांत तिच्या हातून एकही पान मागेपुढे झालं नव्हतं. तिला अक्षर येत नव्हतं. आकडे मात्र पक्के होते, आणि पुस्तक बांधायला आकडे पुरतात. पानावर चार लिहिलंय म्हणजे ते पाचाच्या आधी. आत देवाची पोथी असो की तलाठ्याचे नियम, तिला काय त्याचं. शिकलेल्या पोरी चुकायच्या, कारण त्या वाचत बसायच्या. सुभद्राबाई त्यांना हसायची.

तिचं हे हसू लहान मुलांच्या एका पुस्तकाने घालवलं.

पुस्तक म्हणजे मोठी अकरा चित्रं, प्रत्येकाखाली दोन-दोन ओळी. एक मुलगी आणि तलावात राहणारा डुबकू. डुबकू म्हणजे कासवाएवढं एक जादूचं जनावर, अंगभर शेवाळ आणि पोटात दिवा. चित्राचा कागद मधोमध दुमडायचा आणि एकाची पाठ दुसऱ्याच्या पाठीला खळीने चिकटवायची, असं काम होतं. चित्रं काढणाऱ्या मिनलने पानांवर आकडे घातले नव्हते. चित्र बिघडतं म्हणे. नमुन्याची प्रत तिच्याकडेच राहिली होती, आणि मालक मनोहरराव लग्नाला गेले होते. दुसरी एखादी हात बांधून बसली असती. पण इथे एकवीस वर्षांचा तोरा होता. सुभद्राबाईने अकरा कागद जमिनीवर मांडले आणि चित्रं बघून गोष्ट लावली.

दहा कागद बिनबोभाट लागले. मुलगी आणि डुबकू खेळतात, भिजतात, एक पेरू दोघांत खातात. मग डुबकू पाण्यातून दूर जातो, त्याचा दिवा बारीक होत जातो, आणि मुलगी काठावर एकटी राहते. अकराव्या कागदावर मुलगी हात पसरून धावत होती आणि समोर पाण्यातून डुबकू वर आला होता. हा कागद सुभद्राबाईने आधी सगळ्यांच्या पुढे ठेवला. मग उचलला, थोडा वेळ हातात धरला, आणि शेवटी लावला. मुलगी एकटी बसली होती, तो परत आला. गोष्ट अशीच असणार, असं तिने स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तिला ती तशीच हवी होती.

कारण घरी, कामठीला, सात वर्षांची गार्गी होती. गार्गीची आई कामिनी, सुभद्राबाईची सून, दहा महिन्यांपूर्वी काविळीने चार दिवसांत गेली. त्या वेळी पोरीला कुहीला आत्याकडे धाडलं होतं. परत आल्यावर तिने मम्मी कुठे आहे विचारलं, आणि सुभद्राबाई बोलून गेली की मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात आहे, येईल. मुलगा अमोल मान खाली घालून उभा राहिला. वाक्य एवढंसं, पण ते निभावताना मायलेकांच्या नाकी नऊ आले. हार घालून भिंतीवर लावायचा कामिनीचा फोटो पेटीच्या तळाशी गेला. गल्लीतल्या बायकांना हातापाया पडून गप्प केलं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे सुभद्राबाईला कळत नव्हतं असं नाही. पण रोज वाटायचं, आज नको, उद्या सांगू.

मम्मी आली की दाखवायच्या वस्तूंसाठी गार्गीने बिस्किटाचा एक डबा केला होता. त्यात शाळेतल्या बाईंनी शाबासकीची चांदणी काढून दिलेली वही होती, तुटकी बांगडी होती आणि कापसात गुंडाळलेला पुढचा दात होता. पहिला दात पडला तेव्हा मम्मीने तो छपरावर फेकला होता, नवा लवकर यावा म्हणून. त्यामुळे हाही तिनेच फेकायचा, असं ठरलं होतं. नवा दात कधीच अर्धा वर आला होता, तरी जुना डब्यातच होता.

साठ प्रती बांधून झाल्या. एकसष्टावीचा कोपरा चुरगळला, म्हणून ती सुभद्राबाईने घरी नेली. गार्गीला मांडीवर घेऊन, चित्रांवर बोट ठेवत तिने गोष्ट सांगितली.

"पाह्य, गेला होता ना डुबकू? आला का नाही वापस?"

"मंग मम्मी पन वापस येते?"

"येते ना वं."

सोमवारी मिनल आली. तिने वरची प्रत उचलून चाळली आणि शेवटच्या पानाशी तिचा हात थांबला. ती रागावली असती तर बरं झालं असतं; ती रडवेली झाली.

"मावशी, हे पान पहिलं आहे. इथे ते दोघं पहिल्यांदा भेटतात. शेवटी ती एकटीच असते."

"मंग तो वापस नाही येत?"

"नाही."

"काहून?"

मिनलने प्रत मिटली. "तो परत येतो असं दाखवलं ना मावशी, तर मूल वाट पाहत बसतं."

कोणी कानशिलात ठेवून द्यावी तसं सुभद्राबाईला झालं. मनोहरराव जिन्यात उभे होते. "सुभद्राबाई, तुम्हीसुद्धा?" एवढंच ते म्हणाले, आणि तेवढं पुरलं.

दोन दिवस ती ओलं फडकं घेऊन बसली. खळ भिजली की कागद सुटतो, चित्राला धक्का लागत नाही. गार्गीची शाळेची पुस्तकंही ती अशीच उकलून नीट करायची, आणि पोरगी शेजारी बसून बघायची. साठ वेळा तिने डुबकूला शेवटून काढून पुढे नेऊन चिकटवलं. साठ वेळा मुलगी काठावर एकटी उरली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं ठरलं, की आता पोरीला सांगायचं.

कामठीच्या शेअर ऑटोत ती चौघांच्या मध्ये दाबून बसली आणि मनातल्या मनात घोकत राहिली. गार्गी, मम्मी नाही येत. चार शब्द. त्यांत मेली हा शब्द नव्हता. तो तिला जमला नसता. इंदोऱ्यापासून गल्लीच्या तोंडापर्यंत तिने ते शंभरदा म्हटले.

रोज या वेळी गार्गी दारात असायची. आज नव्हती. आत जमिनीवर पाण्याची ताटली होती, ओलं फडकं होतं आणि पुस्तक उकललेलं होतं. हात पसरून धावणाऱ्या मुलीचा कागद गार्गीने पुढे आणून वाळत ठेवला होता. तो वाकडा होऊ नये म्हणून वर लाटणं ठेवलं होतं.

"आजी, हे पान पयलं हाये. खाली लिहून हाये." आणि तिने बोट ठेवून अडखळत वाचलं, "त्या दि-वशी ती दोघं पहिल्यांदा भेटली."

"आन शेवटी?" सुभद्राबाईने विचारलं. विचारायला नको होतं.

"शेवटी तिनं लय वाट पाह्यली. मंग घरी गेली."

चारही शब्द जिभेवर आले होते. सुभद्राबाईने तोंड उघडलं. पण पोरगी तिच्याकडे बघत होती, आणि तिनेच आजीला वाट करून दिली.

"तुले वाचता नाही येत, म्हनून चुकली ना तू?"

"हो," सुभद्राबाई म्हणाली.

झालं. जन्मात एका पानाची चूक कबूल करावी लागली नव्हती, ती या बाईने आज केली, आणि तीही खोट्या कारणाने.

गार्गीने मान हलवली. फळीवरचा डबा काढला, कापूस सोडवला आणि दात आजीच्या तळहातावर ठेवला.

"तूच फेक."

"मम्मी फेकन म्हने ना तू?"

"नोको. तूच फेक."

सुभद्राबाई अंगणात गेली आणि तिने दात छपरावर टाकला. टिनावर तो दोनदा वाजला, पन्हाळीतून घरंगळला आणि पलीकडच्या नालीत पडला. आता पोरगी हिरमुसेल म्हणून तिने मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. गार्गी आत डबा रिकामा करत होती. वही दप्तरात घातली होती आणि तुटकी बांगडी केरात टाकली होती.

अमोल कामावरून आला तेव्हा तिने त्याला मम्मीचं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, आणि त्यानंतर कधीच नाही. ते चार शब्द सुभद्राबाईच्या तोंडातच राहिले, कारण घरात आता त्यांची वाट पाहणारं कोणी नव्हतं.