उजवं पेडल

"चांगलं जड चाललंय," बाबा समाधानाने म्हणाले आणि मी वळून पाहिलं.

आमचे बाबा प्लंबर. सगळं आयुष्य नळ, पाइप आणि गॅसच्या जोडण्यांत गेलं. पाइपचे आटे, म्हणजे टोकाच्या पिळाच्या खाचा, निमुळते असतात, त्यामुळे सांधा जसजसा आत जातो तसतसा जड होतो, आणि जड झाला म्हणजे पाणी धरणार, हे त्यांचं शास्त्र. पाना जड जायला लागला की इतरांच्या कपाळाला आठ्या पडतात, बाबांचा चेहरा खुलतो. सांधा झाला की पाणी सोडायचं, खालून हात फिरवायचा आणि तो हात गालाला लावायचा. हाताला कळत नाही ती ओल गालाला कळते म्हणे.

पण त्या सकाळी त्यांच्यासमोर नळ नव्हता. ताईची रेसची सायकल अंगणात उलटी करून सीटवर उभी केली होती आणि बाबा तिचं उजवं पेडल ते जोडायच्या दांड्यात पिळत होते.

त्याच दिवशी ताईची निवडीची शर्यत होती. घाटाचा रस्ता, एकेकीला सोडणार, आणि ज्या कमी वेळात वर पोचतील त्या संघात. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती, म्हणजे हीच काय ती संधी. पेडल जरा कुरकुरतंय, असं ती आदल्या दिवशी सहज बोलून गेली. बाबा कुठली गोष्ट सहज घेतील तर शपथ. उजाडायच्या आत उठून त्यांनी दोन्ही पेडलं काढली, पुसली, ग्रीस लावलं. डावं पेडल उलट्या आट्यांचं, ते बिनचूक बसवलं. गॅसच्या कामामुळे उलटे आटे त्यांना नवीन नाहीत. घात केला तो साध्या सरळ उजव्याने.

"बाबा, नुसत्या हाताने किती आत गेलं होतं?"

"थोडंसं. मग पाना लावला."

"आणि मग?"

"मग जोर यावा म्हणून पान्याला पाइप लावला," ते म्हणाले, आता जरा हळू.

मी खाली बसून पाहिलं. मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. दिवसभर लोकांच्या तोंडात बघून बघून वाकडं काय ते मला लांबूनही दिसतं. सरळ बसलं असतं तर पेडल बोटांनीच आत गेलं असतं; ते तिरकं शिरलं होतं.

"काढा ते. आत्ताच्या आत्ता."

त्यांनी काढलं. आट्यांबरोबर चमकदार चुरा बाहेर आला आणि त्यांच्या तळहातावर पडला. पेडलचा आस स्टीलचा, दांडा अ‍ॅल्युमिनियमचा. दोघांच्या भांडणात कोण हरणार हे बाबांना कुणी सांगायची गरज नव्हती. ते शेजारच्या पालथ्या बादलीवर बसले.

"ताईला सांगू नकोस," ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. आई मावशीकडे गेलेली, त्यामुळे घरात ओरडायला मीच होते आणि मी कसर ठेवली नाही. "उभ्या चढावर सगळं वजन त्या पायावर येतं, बाबा! तिथे पेडल निसटलं तर तोंडावर पडेल ती. मग काय सांगणार? कुरकूर गेली ना, म्हणून?"

ते तळहातावरचा चुरा बघत राहिले. मलाच वाईट वाटलं, पण रागही गेला नव्हता.

दुकानं उघडायला अवकाश होता आणि तोवर आम्हाला घाटाच्या पायथ्याशी पोचायचं होतं. मी आत जाऊन दवाखान्यातला जुना तोंडात घालायचा आरसा आणि दात कोरायची आकडी घेऊन आले. टॉर्च धरून दांड्याच्या भोकात आरसा फिरवला. बाहेरचे सुरुवातीचे आटे चेपले होते. आतल्या, सायकलकडच्या बाजूचे मात्र शाबूत होते.

"मागचे चांगले आहेत," मी म्हटलं.

बाबा बादलीवरून उठले. "मग मागून जाऊ."

आकडीने मी चुरा काढला, त्यांनी तेल सोडलं. पेडल त्यांनी दांड्याच्या आतल्या बाजूने लावलं, म्हणजे चांगल्या आट्यांचा रस्ता धरून त्याचं टोक बिघडलेल्या आट्यांना सरळ करत बाहेर येईल. आधी बोटांनी, मग पान्याने, थोडं पुढे, थोडं मागे. टोक बाहेरच्या बाजूला दिसायला लागलं तसा पाना अडला आणि बाबांचा खांदा सवयीने पुढे झुकला.

"जड झालं, बाबा. थांबा!"

ते थांबले. जड झालं म्हणून हातातलं काम थांबवण्याची ती त्यांची पहिलीच वेळ असावी. पुन्हा मागे, पुन्हा तेल. शेवटी टोक बाहेर आलं. मग पेडल काढून नेहमीच्या बाजूने लावलं. या वेळी ते बोटांनी सरळ आत गेलं, पण तोंडाशी आट्यांच्या जागी नुसता गुळगुळीत पट्टा राहिला होता.

"काय चाललंय?" दारात ताई उभी होती, तोंडात ब्रश.

मी तोंड उघडायच्या आत बाबांनीच सांगितलं. पाइप लावल्यापासून चुऱ्यापर्यंत सगळं, काही न लपवता. ताईने पेडल हलवून पाहिलं.

"धरेल?"

आमच्या घरात या प्रश्नाला एकच उत्तर असायचं, 'मी आहे ना'. ते ऐकायची आम्हाला इतकी सवय की विचारताना निम्मी काळजी मिटलेली असायची.

"सांगता येत नाही," बाबा म्हणाले. "नळ असता तर पाणी सोडून बघितलं असतं. इथे काय सोडू?"

ताईने तोंडातला फेस थुंकला. "मला सोडा."

गल्लीच्या टोकापर्यंत ती पेडलांवर उभी राहून गेली आणि आली. काही झालं नाही. पण गल्ली म्हणजे घाट नव्हे, हे तिघांनाही ठाऊक होतं. निघताना बाबांनी तिच्याकडून कबूल करून घेतलं, जरा जरी आवाज आला तरी थांबायचं. "शपथ घे." तिने घेतली.

तिला पायथ्याशी सोडून आम्ही बाबांच्या व्हॅनने वर जाऊन थांबलो. मुली एकेक करून येत होत्या. ताईच्या आधी सुटलेली आली. मग बराच वेळ रस्ता रिकामा. मग ताईच्या नंतर सुटलेली आली.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहत राहिले. डोळ्यांपुढे नको नको ते येत होतं, कठड्याशी पडलेली सायकल, तिचा चेहरा. सकाळी मीच आडवं पडून तिला थांबवायला हवं होतं. बाबा खाली उतरायला निघाले, चालत, एवढा घाट चालत. मी त्यांचा शर्ट धरून ठेवला.

आणि वळणावर ती दिसली. पेडलांवर उभी, लालबुंद, सगळं वजन एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. रेघ ओलांडून ती आमच्यापाशी येऊन थांबली.

"वाजलं," ती धापा टाकत म्हणाली. "मधल्या चढाला. शपथ घेतली होती, म्हणून उतरून बघितलं. पेडल घट्ट होतं. बाटलीचा स्टँड वाजत होता."

स्टँडचा एक स्क्रू ढिला होता, बस्स. थोड्या वेळाने नावं पुकारली. संघात तिचं नाव नव्हतं. मग राखीव म्हणून एक नाव पुकारलं, ते तिचं. कुणी आजारी पडली तर. ताईने मान हलवली आणि हेल्मेट काढलं. मला रडू येत होतं, तिला येत नव्हतं.

बाबा खाली बसले. त्यांनी उजव्या पेडलखालून, दांड्याच्या तोंडाशी हात फिरवला, सावकाश, दोनदा. मग तो हात गालाला लावला.

ताई त्यांच्याकडे बघत होती.

"बाबा, गळतंय."

"कुठे?" ते दचकून पुन्हा पेडलाकडे वाकले.

ताई त्यांच्याशेजारी खाली बसली, हातमोजा काढला आणि त्यांचा गाल पुसला.

"इथे," ती म्हणाली.