धरलं?

बायको गेल्याचं कळलं तेव्हा लिफ्टवाला जिना चढत होता. पाठीवर सॅक, सॅकमध्ये पाण्याने भरलेल्या बाटल्या आणि पायात बर्फात घालायचे जाडजूड बूट. नवे बूट पायांच्या सवयीचे व्हायला हवेत म्हणून तिनेच त्याला रोज असं वर-खाली करायला लावलं होतं. जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस धापा टाकत जिना चढताना दिसला की शेजाऱ्यांना वाटायचं, लिफ्ट बंद पडली. एकदा तर कुणीतरी ऑफिसात तक्रारही केली, आणि ती निस्तरायला ऑफिसने त्यालाच पाठवलं.

त्या दिवशी जिन्यातच मुलीचा फोन आला. आई शाळेची व्हॅन चालवायची. शेवटचं पोर घरी सोडून तिने व्हॅन नीट कडेला लावली, इंजिन बंद केलं, आणि ती उतरलीच नाही. तो होता तसा धावला. हॉस्पिटलच्या गुळगुळीत फरशीवर बूट खाडखाड वाजत होते, माणसं वळून बघत होती. डॉक्टर काय म्हणाले ते त्याला पुढे कधीच आठवलं नाही. बूट वाजत होते, तेवढं आठवलं.

डोंगराचं खूळ तिचं. शाळेकडे वळणाऱ्या रस्त्यावरून तो पांढरा डोंगर तिला रोज दिसायचा. "हा रोज माझ्याकडे बघतो," ती म्हणायची, "एकदा जाऊन विचारू या, काय काम आहे."

"जाऊ. पण वाटाड्या घेऊन," तो म्हणाला होता.

"वाटाड्या कशाला? मी कधी कुणाला रस्ता विचारलाय?"

हे मात्र खरं होतं. वेळ पुष्कळदा आली होती, पण तिने विचारलं कधीच नव्हतं. चुकून त्याच चौकात पुन्हा आली तरी म्हणायची, "मुद्दाम आले. इथली झाडं छान आहेत." तिच्यापुढे त्याचं काही चालायचं नाही. वाटाड्या बाद झाला.

मग दोघांनी तयारी सुरू केली. डोंगराच्या अर्ध्या वाटेवर हिमनदी होती. तिच्यात खोल भेगा असतात आणि वरून बर्फाचं पातळ झाकण असतं, त्यामुळे दिसत नाहीत. म्हणून माणसं एकाच दोराला बांधून घेऊन, अंतर ठेवून चालतात. एक आत गेला तर दुसऱ्याने धरायचं. हे ऐकून लिफ्टवाल्याला बरं वाटलं. हे तर त्याच्या रोजच्या कामासारखंच होतं. लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना वरच्याला विचारायचं, "धरलं?" वरून "धरलं!" असं आल्याशिवाय पाय उचलायचा नाही. वरचा सख्खा भाऊ असला तरी नाही. ही सवय घरातही शिरली होती. कपाट सरकवायचं असो की माळ्यावरून ट्रंक काढायची असो, तो विचारायचा आणि ती ओरडायची, "धरलं हो, धरलं! लग्नाच्या दिवसापासून धरलंय!"

ती गेल्यावरही त्याने जिना चढणं सोडलं नाही. सॅकमध्ये बाटल्या वाढवल्या. मुलीने विचारलं, "कुणाबरोबर जाणार आहात?" तो म्हणाला, "आहे एक ओळखीचा." ओळखीचा वगैरे कुणी नव्हता. तिला वाटाड्या नको होता, म्हणून हा एकटाच निघाला होता. मुलगी दातांच्या दवाखान्यात कामाला. तोंड उघडं ठेवून बोलणाऱ्यांचंही तिला बरोबर समजायचं, मग बापाचं न बोललेलं समजायला कितीसा वेळ लागणार?

एका सुट्टीच्या दिवशी दुपारी त्याने वरच्या मजल्यावरच्या लोखंडी तुळईला दोर बांधला. एकटा माणूस भेगेत पडला तर दोराला फास लावून, त्यांत पाय अडकवत वर येता येतं, असं त्याने वाचलं होतं. ते करून बघायचं होतं. कमरेचा पट्टा त्याने आवळला, गाठ ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. कठडा ओलांडून टाचा काठावर टेकवल्या. खाली जिन्यामधली मोकळी जागा सरळ तळमजल्यापर्यंत दिसत होती. भीती वाटत नव्हती, असल्या जागेत त्याचा जन्म गेला होता. त्याने वजन मागे टाकलं आणि सवयीने तोंडातून गेलं, "धरलं?"

पाय हलेना. दोर पक्का होता, तुळई पक्की होती, गाठ त्याची स्वतःची होती. तरी पाय हलेना. कान वाट बघत होते.

"धरलं!" खालून आवाज आला.

मुलगी होती. एका हातात पावाची पिशवी, दुसऱ्या हातात पळायला काढलेल्या चपला. तिला वर यायला वेळ लागला, तोवर तो तसाच उभा होता.

"खोटं बोललीस," तो म्हणाला. "दोर कुठाय हातात? आमच्याकडे असं केलं की घरी पाठवतात."

"मी घरीच आलेय." तिने पिशवी खाली ठेवली. "बाबा, विचारलंत कुणाला?"

"सवय आहे."

"ते माहितीय. बर्फात कुणाला विचारणार होतात? तो ओळखीचा का?"

त्याने गाठ पुन्हा ओढून पाहिली.

"परत यायचं ठरवलंय ना तुम्ही?"

"म्हणजे काय! हा दोर कशाला बांधलाय मग? वर यायलाच ना?"

"मग आधी आत या. कठड्याबाहेर उभं राहून सांगू नका."

तो आत आला. त्याने मनात खरंच तपासून पाहिलं. मरायचं त्याच्या मनात नव्हतं. उत्तर देणारं कुणी नाही, एवढी एकच गोष्ट त्याने हिशेबात धरली नव्हती.

"आईला वाटाड्या नको होता," तो म्हणाला.

"आईला वाटाड्या नको होता कारण आईबरोबर तुम्ही होतात," मुलगी म्हणाली. "एकट्याला तिने तुम्हाला नाक्यापर्यंत तरी सोडलं असतं का?"

"नाही," तो म्हणाला, आणि बऱ्याच दिवसांनी हसला. "मी रस्ते विचारत बसतो म्हणायची."

शेवटी दोघं ज्या वाटाड्याकडे गेले त्याचं ऑफिस सायकलच्या दुकानाच्या वर होतं. नाकाचं साल निघालेला, कमी बोलणारा माणूस. त्याने लिफ्टवाल्याच्या गाठी बघितल्या आणि म्हणाला, "गाठींना नावं ठेवायला जागा नाही. पण दोराला दोघं कमी पडतात. एक पडला तर दुसऱ्याला एकट्याने ओढणं जड जातं. तिसरा आणा."

"मी," मुलगी म्हणाली.

"तू? स्टुलावर चढलीस तरी तुला गरगरतं!"

"पडल्यावर धरायचंय ना? मग मी पडणारच नाही, बसून घेईन."

"बसूनच धरतात," वाटाड्या म्हणाला. त्याला गंमत वाटलेली दिसली.

मागच्या मोकळ्या मैदानात त्याने स्वतःसकट तिघांना दोराला बांधलं. "चला," तो म्हणाला. लिफ्टवाला हलला नाही. "धरलं?" त्याने विचारलं. "हो हो, चला," वाटाड्या म्हणाला. लिफ्टवाला उभाच. "ओके," वाटाड्या म्हणाला. तरीही उभाच. मागून मुलगी हसून हसून खाली बसली.

"साहेब, 'धरलं' म्हणा," ती म्हणाली. "नाहीतर संध्याकाळ होईल इथंच."

"धरलं," वाटाड्या म्हणाला.

"धरलं!" मुलगी ओरडली, आणि ती खरोखरच दोन्ही हातांनी दोर धरून बसली होती.

तेव्हा कुठे लिफ्टवाल्याने पाय उचलला.

आता संध्याकाळी जिन्यात दोघांच्या बुटांचा आवाज येतो. शेजारी अजून विचारतात, "अहो, लिफ्ट बंद आहे का?" तो म्हणतो, "लिफ्ट चालू आहे, आम्हीच बिघडलोय." आईचे बूट मुलीला मोठे झाले, म्हणून तिने स्वतःचे घेतले. आईचे दाराशी आहेत. नवे आहेत, सवयीचे व्हायचे राहिले. ते कुणाला द्यायचे हे ठरलेलं नाही, आणि डोंगर अजून चढायचा आहे.