चार बोटं उंच

मी स्टूल बोलतोय. हसू नका. पाठ नाही, हात नाहीत, तरी सांगण्यासारखं बरंच आहे.

विजेची बटणं बनवणाऱ्या कारखान्यात माझा जन्म झाला, तोही चोरून. जेवणाच्या सुट्टीत फिटरने उरल्यासुरल्या पाइपचे चार पाय जोडले, खोक्याची फळी वर ठोकली आणि मला मावशींच्या टेबलाखाली सरकवलं.

"गुडघ्यांना जरा आराम द्या, मावशी."

"कुणी विचारलं तर मी तुला ओळखत नाही हं," मावशी म्हणाल्या आणि लगेच बसल्या.

मावशी लाइनवर सगळ्यांत जुन्या. बटणात चिमट्याने बारीकशी स्प्रिंग बसवायची, झाकण दाबायचं, हे काम बाकीच्या अकराजणींना त्यांनीच शिकवलेलं. सगळ्या दिवसभर उभ्याच असायच्या. बसलं की माणूस सुस्तावतो, असं सुपरवायझरांचं ठाम मत. ते स्वतःही कधी बसत नसत, म्हणून पाठीमागे त्यांना सगळ्या 'खांब' म्हणायच्या.

टेबलाखालून मला फक्त पाय दिसायचे. दुपारी तीननंतर चपला निघायच्या. मग एका पायावर भार, मग दुसऱ्यावर. नेमक्या त्याच वेळी वर स्प्रिंगा वाकड्या बसायच्या. पण खराब बटणं सापडायची दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत, त्यामुळे पायांचा आणि बटणांचा संबंध कुणाच्या डोक्यातच आला नाही. "लक्ष कुठे असतं तुमचं?" एवढंच सुपरवायझर विचारायचे. उत्तर माझ्यासमोर होतं, पण मला कोण विचारतो?

एक दिवस त्यांनी मला पकडलंच. मी थेट भंगारात. वर मावशींना म्हणाले, "तुमच्याने आता होत नाही. महिनाअखेर घरी बसा."

नातीचं कॉलेज मावशींच्या जिवावर चाललं होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, इथे थोडं बसू दिलंत, तर घरी बसायची वेळच येणार नाही."

हे नव्या मॅनेजरबाईंनी ऐकलं. त्यांनी कुणालाच बोल लावला नाही. फक्त प्रत्येक ट्रेवर वेळ लिहायला लावली. तीन दिवसांत चित्र स्पष्ट झालं. बहुतेक खराब माल तीननंतरचा.

"मावशींना आठ दिवस स्टूल द्या," बाई म्हणाल्या. "माल घटला, तर सुपरवायझर म्हणतील ते खरं."

मी भंगारातून परत आलो. काय सांगू, छाती असती तर फुगली असती.

आणि पहिल्याच दिवशी माल घटला! चक्क पन्नास बटणं कमी. सुपरवायझर नुसते दोनदा खाकरले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण चूक माझी होती. मी बुटका होतो. मावशी दिवसभर खांदे उचलून काम करत होत्या.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरबाई स्वतः माझ्यावर बसल्या. दहा बटणं जोडली, अकरावं हातातून निसटलं.

"खांदे भरून आले माझे. मावशी, कालच का नाही सांगितलंत?"

"स्टूल मिळालं हेच खूप होतं. त्यात उंचीची तक्रार कुठे करू?"

बाई माझ्यावरून उठल्या. मग म्हणाल्या, "माझंच चुकलं. बसायला दिलं, पण विचारलं नाही."

फिटरने मावशींच्या कोपरापासून माप घेतलं आणि माझे पाय चार बोटं वाढवले. खाली पाय टेकवायला आडवी दांडी लावली. मावशींनी धीर करून स्प्रिंगांचा डबाही जवळ मागून घेतला. तासभर बसायचं, थोडा वेळ उभं राहायचं, हेही त्यांनीच ठरवलं.

आठव्या दिवशी पूर्वीपेक्षा शंभर बटणं जास्त भरली. खराब फक्त तीन. सुपरवायझरांनी दोनदा मोजली, तरी तीनच. मावशींची नोकरी राहिली. महिन्याभरात लाइनवर बारा स्टुलं झाली, प्रत्येक आपल्या मालकिणीच्या मापाचं. ठरलेला माल वेळेआधी पूर्ण होऊ लागला आणि शिफ्टनंतर थांबणं बंद झालं. बाराही स्टुलांत थोरला मी, हे आपलं जाता जाता सांगतो.

आता माझा रंग उडालाय, फळी दुसरी आहे. नातीचं कॉलेज झालं. तुमच्याकडे कुणाचं काम बिघडत असेल, तर ओरडण्याआधी एकदा टेबलाखाली वाकून बघा, एवढंच माझं मागणं.

परवा तीननंतर सुपरवायझर आमच्या टेबलाशी घुटमळत होते. एका पायावर भार, मग दुसऱ्यावर. मी लगेच ओळखलं. मावशींनीही. त्या उठल्या आणि मला त्यांच्याकडे सरकवलं.

"बसा, साहेब. पण ही उंची माझी आहे. तुमची मापून घ्या."

फिटर टेप घेऊन आला. सुपरवायझर बसले आणि कसलीही कुरकुर न करता त्यांनी कोपर वाकवून मापाला दिलं.