माफीची फळी

मच्छीमार तोकुजी कोन्नोने तपासणीच्या टेबलावरचा माशांच्या तुकड्यांचा वाडगा कोपराने बाजूला सारला, तिथे एक कोरी लाकडी फळी ठेवली, कुंचला शाईत बुडवला आणि विचारलं,

"निहेइबाई, ते दिसतं कसं?"

"काय?"

"काल सोडलं ते."

सायो निहेइची सुरी थांबली. बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीच्या खोलीत बसून, येईल त्या माशाचे तुकडे करून किरणोत्सार मोजायच्या यंत्रात घालणं हे तिचं काम. किनाऱ्यावर थोडं खाली, त्सुनामीत मोडून पडलेल्या अणुवीजकेंद्रातलं शुद्ध केलेलं पाणी काल दुपारपासून समुद्रात सोडायला सुरुवात झाली होती. टीव्हीवर दिवसभर हेलिकॉप्टरमधून समुद्र दाखवत होते. समुद्र समुद्रासारखाच दिसत होता, म्हणून त्यावर लाल बाण काढला होता.

"काका, पाणी पाण्यासारखं दिसतं."

"तेच तर. पाणी कसं काढायचं?"

समुद्रात लोखंड पडलेलं दर्याच्या देवाला सोसत नाही, हे या गावात लहान पोरालाही ठाऊक. ज्याच्या हातून पडलं त्याने त्या वस्तूचं चित्र फळीवर काढून टेकडीवरच्या देवळात टांगायचं आणि माफी मागायची. चित्रं गेली कित्येक वर्षं तोकुजी काढत आला, कारण त्याच्याहून बरा कोणी मिळाला नाही. त्याचे नांगर मुळ्यासारखे दिसत, सुऱ्याही मुळ्यासारख्याच दिसत. पण देवाने अजून तक्रार केली नव्हती. देवळात नांगर होते, नट पिळायचे पाने होते, एका सहा वर्षांच्या मुलीची केसांची पिन होती, एका तांडेलाची कवळी होती. कवळीत तार असते. मोबाइल हा धातू धरायचा की नाही, यावर मात्र देवस्थानच्या मंडळींची दोनदा बैठक झाली होती आणि दोन्ही वेळा जेवणातले मासे उत्तम होते.

"ही माफी वीजकंपनीने मागायची," निहेइ म्हणाली.

"कंपनीला चित्रकला येत नाही. त्यांचा हात पत्रकांवर बसलाय." तोकुजीने कुंचल्याचं टोक उगीच वाडग्याच्या कडेला पुसलं. "मिनोरीचा फोन आला होता."

मिनोरी त्याची मुलगी, ओसाकाला असते, पाचवा महिना. एक सप्टेंबरला ट्रॉलरची मासेमारी उघडली की पहिल्या हिरामेची पेटी तिच्याकडे जाई. हिरामे म्हणजे चपटा मासा. दोन्ही डोळे एकाच बाजूला असतात, त्यामुळे कुठल्याही सरकारी समितीवर खपून जाईल.

"म्हणाली, बाबा, या वर्षी राहू द्या."

"मग रागावलात?"

"चांगलाच. मग जेवायला बसलो. हात्सुएने हिरामेचे काप पुढे ठेवले, आणि माझाच हात थांबला, बाई. जन्मभर खातोय. घास गिळला, पण हात थांबला तो थांबलाच."

निहेइने हात धुतले, किटलीतला गार सातूचा चहा दोन पेल्यांत ओतला आणि एक त्याच्यापुढे ठेवला.

"जे गाळता येण्यासारखं होतं, ते नियमात बसेल इतकं गाळून काढलंय. उरलंय ते ट्रिटियम. ते निघत नाही. ते पाण्यात विरघळलेलं नसतं, ते पाणीच झालेलं असतं."

"मिठासारखं?"

"नाही ना. मीठ आणि पाणी वेगळं करता येतं. हे पाणीच. जरासं जड."

"आणि वाईट?"

"पुष्कळ असलं तर. म्हणून तर समुद्राचं पाणी घालून खूप पातळ करून सोडतात. थोडं मात्र आधीपासूनच असतं, काका. सगळीकडे." ती खिडकीकडे वळली. "विमानं उडतात ना, तिथून आणखी वर. दूरच्या ताऱ्यांकडून किरण येतात, हवेवर आदळतात, तिथे ते तयार होतं. मग पावसातून खाली येतं. समुद्रात, भातात, या चहात. हिरामेच्या अंगात पाणी जातं तसं तेही जातं, आणि पाण्यासारखंच निघून जातं."

"माझ्या अंगात?"

"तुमच्या, माझ्या."

"म्हणजे मिनोरीच्या पोटात, ते बाळ ज्यात..."

"हो. तिथेही. कणभर. माणूस झाल्यापासून."

तोकुजी पेल्यात बघत राहिला. चहा हलत नव्हता. खिडकीएवढं आभाळ त्यात पडलं होतं. हा माणूस जन्मभर पाण्यावर राहिला होता, आणि ते वरून, ताऱ्यांच्या अंगाला लागून येतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने पेला दोन्ही हातांनी उचलला, देवळात उचलतात तसा, आणि हळूहळू संपवला.

"मग आमची भीती खोटी?"

"माझं यंत्र मासा मोजतं. तुम्हाला विचारल्याशिवाय पाणी सोडणार नाही असं सरकार आणि कंपनी म्हणाले होते, ते मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही."

तोकुजीने कुंचल्यातली शाई धुऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टेकडी चढला. मागून त्याची बायको हात्सुए समुद्राच्या पाण्याची बादली घेऊन.

"अहो, शाई विसरलात."

"नाही विसरलो."

त्याने कुंचला बादलीत बुडवला आणि फळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लाट ओढली. क्षणभर लाकडावर ओली रेघ चकाकली. सगळा पूर्वेचा उजेड त्या बोटभर पाण्यात मावला. मग ती वाळली.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मुळ्यासारखं झालं नाही," हात्सुए म्हणाली.

त्याने फळी टांगली, टाळी वाजवली, वाकला.

"आमच्या हातून पडलं. माफ कर."

"आपल्या हातून कुठे? तिथल्या विजेवर दिवेसुद्धा तोक्योत लागायचे."

"तोक्योतून इथवर कोण चढून येणार?"

हात्सुएने बादली खाली ठेवली आणि तीही वाकली. मान वर केली तेव्हा वाळलेल्या फळीवर मिठाची बारीक पांढरी रेघ उमटली होती.

संध्याकाळी मिनोरीचा फोन आला.

"बाबा, परवा फार लागलं का तुम्हाला?"

"नाही गं. माझाही हात थांबला होता."

"आणि त्या लोकांनी माफी मागितली?"

"मी मागितली. फळी लावली देवळात."

"कुठे?"

"तुझ्या पिनेशेजारी."

"ती आहे अजून? देवाच्या घशात अडकेल म्हणून मी रडत होते ती?"

"आहे. मुळ्यासारखी दिसते."

मिनोरी हसली.

"बाबा, गेल्या वर्षी पेटीत बर्फ कमी पडला होता."

"हो?"

"या वर्षी जरा जास्त घाला."

तोकुजीने मान हलवली. फोनवर मान दिसत नाही, हे त्याच्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं.