मूलच्या रस्त्यावरचा ओंडका

बेचाळीसच्या ऑगस्टात आमच्या गावाने मूल शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर सागाचं झाड आडवं पाडलं, इंग्रजांच्या पोलिसांची लॉरी अडवली आणि तेवढ्या वेळात कचेरीवर तिरंगा चढवला. ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती, की तिच्यावरचा माझा विश्वासच उडाला होता. साधी नाली उपसायची तर चार अर्ज करणारं आमचं गाव, ते कुणाची लॉरी अडवणार?

तरी दरवर्षी सोहळा व्हायचा. वनखात्याच्या लाकूड डेपोतून रीतसर परवानगीने ओंडका यायचा, रस्त्यावर आडवा पडायचा आणि पाहुण्यांनी हात लावला की बाजूला व्हायचा. बंदोबस्ताला पोलीसच. झाड पाडणाऱ्यांपैकी एकटे सोमाजीभाऊ उरले होते. त्यांना शाल पांघरून खुर्चीवर बसवत. शेजारी मखमलीवर त्यांची तेव्हाची कुऱ्हाड.

सत्त्याऐंशी साली मंत्री यायचे होते. माईक माझ्याकडे होता. मंत्र्यांचा पत्ता नव्हता, तेवढ्यात गावातून गफ्फार ड्रायव्हरची जीप आली. मागे राइस मिलमध्ये कामाला जाणारी धुरपता कण्हत होती.

"साहेब, बाई सकाळपासून अडली हाये," गफ्फार म्हणाला. "नर्सबाई म्हन्ते, मूलले दवाखान्यात न्या, नाई त दोघंबी जातीन."

"मंत्रीसाहेबांनी हात लावल्याशिवाय ओंडका हलणार नाही," ठाणेदार म्हणाले. "वरून आदेश आहे. थांबा थोडं."

दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेली धानाची शेतं. जीप उतरवायला जागा नव्हती. गर्दीने भरपूर हळहळ केली, पण जागचं कोणी हललं नाही.

सोमाजीभाऊ उठले. कुऱ्हाड घेऊन ओंडक्यापाशी गेले, तसे ठाणेदार मध्ये आले. "भाऊ, परवानगी नाही."

"तवाबी नोहती," सोमाजीभाऊ म्हणाले आणि दांडा ओंडक्याखाली घालून रेटू लागले.

दांडा काडकन मोडला. मग त्यांनी खांदा लावला. गफ्फार धावला. शेतातला रोवणा, धानाची लावणी, सोडून चिखलाच्या पायांनी बाया आल्या. मी माईक कुठे टाकला, देव जाणे. ओंडका गडगडत धानात गेला आणि जीप निघाली.

धुरपताला मुलगी झाली. दोघी वाचल्या. मंत्री आले, तेव्हा हात लावायला काहीच नव्हतं. ऐतिहासिक दांडा मोडला म्हणून सोहळ्याच्या समितीने सोमाजीभाऊंना फैलावर घेतलं. ते सोललेला खांदा चोळत बसले होते. मी त्यांच्यासाठी चहा नेला. बेचाळीसची ती गोष्ट त्या दिवशी मला पहिल्यांदा खरी वाटली.