मी निपाणीचा उपाशी दवबिंदू

मित्रांनो, मी एखादा जुना रांजण किंवा जुनी छत्री असतो, तर निवांत बसून माझी हकीकत सांगितली असती. पण मी आहे दवबिंदू नावाचं रोपटं. बंद्या रुपयाएवढा माझा घेर आणि पावसाळ्यापासून थंडीपर्यंतचं माझं आयुष्य. निवांतपणा माझ्या नशिबातच नाही.

खानापूरजवळच्या कातळाच्या सड्यावर मी उगवलो. तिथल्या मातीत कस असा नाहीच. म्हणून देवाने माझ्या पानांना तांबडे केस दिले आणि प्रत्येक केसावर एक चिकट थेंब. त्याला भुलून चिलट बसलं की केस त्याच्यावर वाकतात आणि माझं जेवण होतं. चिलट येईल का, कधी येईल, याच घोरात माझा दिवस जातो.

वखारीसाठी लाकूड घ्यायला आलेल्या रायगोंडांना मी दिसलो. ते निपाणीचे तंबाखूचे व्यापारी. भर दुपारीही माझं दव वाळत नाही, याचं त्यांना मोठं नवल वाटलं. मातीसकट मला करवंटीत घालून, बेळगावपर्यंत आगगाडीने आणि पुढे सर्व्हिस मोटारीने त्यांनी घरी नेलं.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मला परसातल्या कट्ट्यावर ठेवलं. त्या विहिरीचं पाणी गाळून घालत, पण ते जड पाणी मला मानवेना. पानांच्या कडा काळवंडल्या, तेव्हा त्यांनी पागोळ्यांचं पाणी घंगाळात धरलं, करवंटीला बुडाशी भोक पाडलं आणि ती पाण्याच्या ताटलीत ठेवली. मी तरारलो. येईल त्या बाईला त्या मला दाखवत. इतकं कौतुक माझ्या कुळात कुणाचं झालं नसेल.

भाद्रपदात दशलक्षण पर्वाचे उपास सुरू झाले. हे जैनांचं घर. दिव्यावर एखादं पाखरू पडेल म्हणून सूर्य मावळल्यावर तिथे कुणी जेवत नाही. आणि नेमकं त्याच दिवसांत सासूबाईंनी, धोंडूबाईंनी, माझ्या पानावर मेलेलं चिलट पाहिलं.

"आगं, ह्ये जीव खातंय," त्या म्हणाल्या. "पर्वात घरात हिंसा? फेकून दे आधी."

लक्ष्मीबाईंचा चेहरा उतरला. "आत्याबाई, झाड बी जीवच की. फेकल्यावर ते मेलं तर पाप कुणाच्या माथी?"

धोंडूबाईंचा राग काही गेला नाही. "मग तूच राख त्याला. आणखी एक जीव मेला तर ह्ये ह्या घरात ऱ्हायाचं न्हाय."

लक्ष्मीबाईंनी निपाणीकराला सुचावं तेच केलं. किडे मरू नयेत पण वासाने लांब राहावेत, म्हणून माझ्याभोवती तंबाखूची भुकटी पसरली. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, तसं झालं. भुकटी मुळाशी उतरली आणि मी दोन पानांवर आलो. त्यांनी रडत रडत माझी माती पागोळीच्या पाण्याने धुतली. मग वर फडकं बांधून पाहिलं, तर मला ऊन मिळेना. शेवटी त्या स्वतःच हातपंखा घेऊन माझ्याशेजारी बसू लागल्या. ऊन माझ्यावर पडायचं आणि माशी आली की पंखा हलायचा.

"नवऱ्याला कधी वारा घातला न्हाईस, झाडाला घालतीस व्हय," धोंडूबाई टोमणा मारत.

उन्हावर मी जगलो, पण कसाबसा. कळ्यांची दांडी बोटभर वाढून अडली. फुललो नाही तर बी नाही आणि बी नाही तर माझ्यामागे काहीच नाही. चिलट डोक्यावरून गेलं की केस न केस शिवशिवायचा, आणि लगेच तो पंखा यायचा. मला त्या पंख्याचा राग यायचा. मग लक्ष्मीबाईंचा उन्हाने रापलेला चेहरा दिसला की त्या रागाची लाज वाटायची.

एके दिवशी लक्ष्मीबाईंना ताप भरला. धोंडूबाई पुटपुटत पंखा घेऊन माझ्यापाशी येऊन बसल्या. आता माझं काही खरं नाही, असं मला वाटलं. थोड्या वेळाने एक चिलट घिरट्या घालू लागलं. त्यांनी पंखा उचलला. मग त्यांची नजर माझ्या वाळक्या पानांवर गेली, अडलेल्या कळ्यांवर गेली, आणि त्यांनी पंखा मांडीवर ठेवला.

चिलट बसलं.

"खा बाबा," त्या हळूच म्हणाल्या. "उपाशी जीव तरी किती दिस बघायचा?"

माझे केस वाकले. त्यांनी तोंड फिरवलं नाही, शेवटपर्यंत पाहिलं. त्या संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत. सुनेने विचारलं तेव्हा म्हणाल्या, "भूक न्हाय." मग रोज दुपारी सुनेला आत धाडून त्याच पंखा घेऊन बसू लागल्या. ज्या दिवशी मी जेवलो, त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

थंडीत मला बारीक पांढरी फुलं आली. आता बी पिकतंय आणि मी वाळतोय. मित्रांनो, माझ्या कुळातला कुणी तुमच्या घरी आला, तर त्याला पावसाचं पाणी द्या, भरपूर ऊन द्या. खत घालू नका, गंमत म्हणून केसांना बोट लावू नका. त्याची भूक तुम्हाला पटली नाही, तरी त्याला उपाशी ठेवून शहाणा करायला जाऊ नका. माझ्या इवल्याशा घासासाठी एक बाई उपाशी झोपली. तिला थांबवायला मला तोंड नव्हतं.